एक सोडून एक

कारेलीबागेत जयवंतरावांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कीर्तनांचा सप्ताह चालू होता. बुवा असे रंगत होते की ऐकून मन भरत नव्हतं. अडचण कीर्तनात नव्हती, गाड्यांत होती. पाणीगेट, बाजवा अशा लांबच्या भागांतल्या वयस्क श्रोत्यांना आणायला दोन गाड्या ठरवलेल्या. ज्यांना गाडी हवी त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर 'गाडी' या शब्दानेच सुरू होणारा निरोप टाकायचा, असा जयवंतरावांचा दंडक. रोज दोन-तीनशे निरोप येत, त्यातले निम्मे नुसती फुलं नाहीतर जोडलेले हात. त्यांतून गाडीवाले निवडून यादी करणारा प्रोग्राम त्यांच्या सुनेने, मृदुलाने, जावास्क्रिप्टमध्ये लिहून दिला होता.

आणि तीन दिवस त्या यादीतून पाणीगेटच्या चिमणाबाई गळत होत्या.

त्यांच्या यजमानांनी हयातभर कीर्तनांना तबल्याची साथ केलेली. बाईंना फोनवर लिहिता येत नसे, म्हणून शेजारची स्नेहलता आधी आपला निरोप टाकी आणि पाठोपाठ त्यांचा. स्नेहलतेचं नाव यादीत येई, यांचं नाही. माझ्यासोबत चला, असं तिने म्हटलं तर बाई उंबरठा ओलांडीनात. शिलेदारांचं घराणं; नाव नाही म्हणजे बोलावणं नाही. आज दुपारी त्यांनी स्नेहलतेकरवी कळवलं होतं, की आजही नाव नसलं तर मंडळाचा नि आपला संबंध संपला.

कीर्तन पाचला. तीन वाजून गेले होते. जयवंतराव मृदुलाच्या खुर्चीमागे येरझारा घालत होते.

"हातानं लिही ना त्यांचं नाव."

"लिहिते, बाबा. पण त्यांच्यासारखे आणखी किती गळले, ते कुठून कळणार?"

"यंत्र तुझं, पण लाज माझी जाते."

मृदुला पुन्हा स्क्रीनकडे वळली. तिचं रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात ठरलेला नमुना आहे का ते सांगणारं ऑब्जेक्ट, अगदी साधं होतं: निरोपाच्या सुरुवातीला 'गाडी' आहे का? चिमणाबाईंचा निरोप एकटा दिला की उत्तर येई, आहे. सगळे निरोप दिले की बाई गायब. तिने लपलेल्या मोकळ्या जागा शोधल्या, 'गाडी' शब्द चारदा नव्याने टाइप केला. नवऱ्याला, समरजितला, फोन केला, तर त्याने कॉम्प्युटर बंद करून चालू करायला सांगितलं. तिने फोन ठेवला. शेवटी वैतागून तिने एकच निरोप तीनदा दिला.

आहे. नाही. आहे.

तिला रडूच यायचं बाकी होतं. तोच निरोप, तीच अक्षरं, आणि उत्तर मात्र दर खेपेला उलटं! मग तिची नजर नमुन्याच्या शेवटी चिकटलेल्या इंग्रजी 'जी' या अक्षरावर गेली. गेल्या महिन्यात बुवांच्या वहीतले सगळे अभंग शोधून काढताना तिने ते लावलं होतं, आणि तीच ओळ इथे उचलून आणली होती. 'जी' म्हणजे एकावर थांबू नकोस, सगळे शोध. त्यासाठी ते ऑब्जेक्ट कुठवर आलो ते लक्षात ठेवतं आणि पुढच्या खेपेला तिथूनच सुरू करतं. सलग वहीत ते बरोबर. इथे मात्र स्नेहलतेच्या निरोपात 'गाडी' सापडली, की चिमणाबाईंचा निरोप ते त्या शब्दाच्या पुढूनच वाचायला घेई, तिथे काही सापडत नसे आणि मग पुढचा निरोप परत पहिल्यापासून. मध्ये कुणी फुलं टाकली तर हिशेब आपोआप सुधरे. म्हणून तर चूक कधी दिसे, कधी लपे.

काय झालं, म्हणून जयवंतरावांनी पाचव्यांदा विचारलं.

"बाबा, बुवा भजनासाठी कथा थांबवतात आणि सोडली तिथून उचलतात, ते ठीक. पण उद्या दुसऱ्या गावात उभे राहून नमन न करता आजच्या कथेच्या मधूनच सुरू झाले तर?"

"लोक उठून जातील."

"तेच झालंय."

"एवढं शहाणं यंत्र, आणि नमनाची अक्कल नाही," ते पुटपुटले.

मृदुलाने ते अक्षर काढलं. यादी पुन्हा आली. काल अकरा नावं होती, आज एकोणीस. दोन गाड्यांत माणसं मावत होती बारा. जयवंतराव कपाळाला हात लावून खाली बसले. तीन दिवस सगळं सुरळीत चाललं, ते इतकी माणसं घरी बसली म्हणून! मग उठले, आणि ओळखीच्या रिक्षावाल्यांना फोन लावत सुटले. पाणीगेटच्या रिक्षेत मृदुला स्वतः बसली.

चिमणाबाई इस्त्रीचं लुगडं नेसून दारात बसल्या होत्या. उठल्या नाहीत.

"यादीत आहे?"

मृदुलाने फोन पुढे केला. बाईंनी चष्मा लावला आणि वरपासून एकेक नावावर बोट ठेवत वाचलं. स्वतःच्या नावापाशी बोट थांबलं, मग खाली सरकलं.

"हे बाजव्याचे गोविंदराव. तीन दिवस दिसले नाहीत, असं स्नेहलता म्हणत होती. तेही राहिले होते?"

"तेही, काकू. एकूण सातआठ जण. मुद्दाम कुणी कुणाला वगळलं नाही. चूक माझी होती."

"ते रागावले नाहीत?"

"नाही. फोनवर म्हणाले, वाटलं गाडी भरली असेल."

चिमणाबाईंनी चष्मा उतरवून पुसला.

"अगं, मग तीन दिवस धरलेल्या रागाचं मी आता काय करू?"

मृदुलाने हात दिला, बाई तो धरून उठल्या आणि रिक्षेत बसल्या. राग त्यांनी वाटेतच काढायचं ठरवलं असावं. कारेलीबाग येईपर्यंत मृदुलाने तो सगळा मुकाट्याने ऐकून घेतला.