पोळ्याची परात

उमापूरजवळच्या एका वस्तीवर बुळकांडी आली, तेव्हा सुंदरराव घोड्यावरून तिथं पोचले. गुरांच्या कॉलेजात शिकून ते नुकतेच निजाम सरकारच्या नोकरीत लागले होते. सोबतच्या पेटीत औषधाच्या बाटल्या होत्या आणि कॉलेजातल्या गुरुजींनी त्यांच्यावर एक प्रयोग सोपवला होता.

बुळकांडी म्हणजे गुरांचा काळ. आधी ताप, मग डोळ्यांतून आणि तोंडातून पाणी, मग हगवण. आडवं झालेलं जनावर पुन्हा उठत नसे. यावर औषध नव्हतं. पण या दुखण्यातून वाचलेल्या बैलाच्या रक्तातलं पिवळसर पाणी निरोगी बैलाला टोचलं, तर पंधरवडाभर त्याला दुखणं फार बाधत नाही, असं कॉलेजात दिसून आलं होतं. तेवढ्या काळात तो आजारी गुरांमध्ये राहिला, तर हलका ताप येऊन जातो आणि तो कायमचा सुटतो. कॉलेजाच्या गोठ्यात खरं ठरलेलं हे खेड्यात खरं ठरतं का, ते बघायचं होतं. ठरलं, तर सगळ्या जिल्ह्याला लस मिळणार होती.

बाटल्या निम्म्याच गुरांना पुरतील एवढ्या होत्या. म्हणून सुंदररावांनी प्रत्येक जोडीतला एकच बैल टोचायचं ठरवलं. टोचलेला बैल नदीकाठच्या कोंडवाड्यात आजारी गुरांबरोबर राहील आणि त्याचा जोडीदार घरी, सगळ्यांपासून लांब. दोन्हींतला कुठला उपाय तारतो, ते कळेल.

धुळाजी आणि त्याची बायको सारजाबाई यांच्याकडे चांद्या आणि पाखऱ्याची जोडी होती. वासरं असल्यापासून एका दावणीला वाढलेली. पोळा झाला की रब्बीची ज्वारी पेरायची होती आणि ती या जोडीवरच.

कोणता बैल टोचू, असं सुंदररावांनी विचारलं, तेव्हा सारजाबाई म्हणाली, “दोन लेकरांतलं एक निवड म्हंता व्हय? आमाला न्हाई जमायचं.”

शेवटी सुंदररावांनी खिशातला, चारमिनार छापलेला निजामी हाली रुपया वर उडवला; चारमिनार आला तर चांद्या. कोंडवाड्याचा राखणदार, म्हातारा आश्रुबा, शेजारी तंबाखू मळत बसला होता. तो धुळाजीला म्हणाला, “सरकारचा रुपया लई शाना दिसतो बे. त्याला बैलाची नाडीबी कळती.”

चारमिनार वर आला आणि चांद्या टोचला गेला. धुळाजी त्याला आजारी गुरांत नेऊन बांधायला निघाला, तेव्हा सारजाबाईनं डोळ्यांना पदर लावला. पाखऱ्या मात्र सुटला, असं सगळे म्हणाले.

कोंडवाड्यातली आजारी गुरं एकेक करून जात होती. चांद्यालाही ताप आला, डोळे पाझरले, तोंडाला फेस आला. सुंदरराव रोज त्याच्याजवळ जाऊन उभे राहत. मग एका सकाळी तो कडबा ओढू लागला. घरी पाखऱ्याला काहीच झालं नव्हतं. तो फक्त नदीकडे तोंड करून हंबरायचा आणि दावणीची आपलीच बाजू खाऊन चांद्याची तशीच ठेवायचा.

आता पाखऱ्यासारख्यांनाही टोचायला हवं, म्हणून सुंदरराव बाटल्या मागायला गेवराईला निघाले. तिथं वरचे साहेब मुक्कामाला येणार होते. जाण्याआधी त्यांनी सगळ्यांना जमवून नीट समजावलं. चांद्या बरा दिसतो, पण दुखणं अजून त्याच्या लाळेत आहे, डोळ्यांच्या पाण्यात आहे. त्याचा उष्टा चारा, उष्टं पाणी दुसऱ्या गुराला देऊ नका. सारजाबाईनं दोनदा विचारून घेतलं. चारा झाला, पाणी झालं. पोळा दोन दिवसांवर आला होता, पण त्याबद्दल बोलायचं सुंदररावांना सुचलं नाही.

पोळ्याला एकट्या बैलाची पूजा करत नाहीत. ज्याच्या घरी सुतक असेल, त्याचेच बैल त्या दिवशी न सजवता उभे असतात. सारजाबाई दुपारी कोंडवाड्यावर गेली आणि घटकाभरासाठी चांद्याला न्यायला मागितलं. आश्रुबा आधी नाहीच म्हणाला. मग म्हणाला, पूजा झाली की लगेच आणून बांध.

तिनं दोघांची शिंगं घासून लाल हिंगूळ लावला, ओवाळलं आणि पितळी परातीत पुरणपोळ्या ठेवल्या. चारा आणि पाणी तिनं दोघांना वेगवेगळंच ठेवलं होतं. पण पोळ्या हा नैवेद्य होता, तो जोडीनं एकाच परातीत खायचा. चांद्यानं थोडं खाल्लं आणि मान वर केली. राहिलेलं पाखऱ्यानं चाटूनपुसून संपवलं. मग त्यानं चांद्याचं तोंड चाटलं, डोळे चाटले. धुळाजी हसत म्हणाला, “बघ, किती दिसांनी भेटले.”

सुंदरराव रिकाम्या हातानं परत आले. प्रयोगाचा निकाल कळल्यावर बाटल्या पाठवू, असं साहेबांनी सांगितलं होतं. कोंडवाड्यात शिरताच त्यांना चांद्याच्या शिंगांवर हिंगूळ दिसला. त्यांनी आश्रुबाला विचारलं, तेव्हा चांद्या पोळ्याला घरी गेल्याचं आणि जोडीनं एका परातीत नैवेद्य खाल्ल्याचं त्यांना कळलं. जिल्ह्याला लस मिळवून देणारा निकाल समोर उभा राहून कडबा खात होता.

पाखऱ्याला ताप चढायला फार वेळ लागला नाही. सुंदररावांनी तांदळाची पेज पाजली, सावली केली, तोंड धुतलं. याहून जास्त त्यांना येत नव्हतं, आणि कॉलेजातही कुणाला येत नव्हतं.

पाखऱ्या गेला त्या दिवशी सारजाबाईनं विचारलं, “डाक्टरसाहेब, खरं सांगा. माझ्या हातानं झालं का हे?”

“न्हाई मावशी,” ते म्हणाले. “दुखणं वाऱ्यावरबी येतं.”

तिनं मान हलवली. धुळाजी पाखऱ्याच्या खुंट्याचं दावं सोडत होता. मग म्हणाला, “तुमचं अवशिद खरं हाय साहेब. चांद्या वाचला. पर एका बैलावर पेरणीची पाभर न्हाई चालत.”

चांद्या घरी आल्यावर सुंदरराव निरोप घ्यायला गेले. सारजाबाई परात घेऊन बाहेर आली. शेजारच्या छबुबाईच्या गाईला रोज हिच्यातूनच आंबोण जायचं, असं तिनं सांगितलं.

“आता देऊ का?”

“आधी उकळत्या पाण्यानं धुवा, मावशी,” सुंदरराव चटकन म्हणाले. “दोनदा धुवा. मगच द्या.”

बोलून गेल्यावर त्यांना कळलं, आपण तिच्या त्या दिवशीच्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं.

सारजाबाई “बरं” म्हणाली. तिनं चूल पेटवली आणि पाणी ठेवलं. पाणी उकळेपर्यंत सुंदरराव दारातच उभे होते.