मुद्दल आली, मी मागं राहिलं

मी व्याज बोलतंय. सावकाराचं न्हाई बरं, सरकारच्या घरचं.

झरी गावात एक जोडपं राहत होतं, सिद्धोधन आणि धम्मशीला. दोघांची छोटी डाळमिल. डाळीतले खडे निवडायचं मशीन त्यांनी चीनहून मागवलं. बंदरावर कस्टमवाल्यांनी ते भलत्याच प्रकारच्या मशीनमध्ये धरलं अन् ड्युटी, म्हंजी आयातीचा कर, जास्तीची लावली. ती भरायला धम्मशीलानं आपली सोन्याची बोरमाळ बँकेत गहाण ठेवून कर्ज काढलं, तवा मशीन सुटलं.

बंदराची कामं बघणारा एजंट रंगनाथ, मूळचा पालमचा. जास्तीचा पैसा परत मिळावा म्हणून त्यानं अर्ज केला. तीन महिन्यांत पैसा आला असता, तर मी जन्मलंच नसतं. उशीर झाला, तसं मी जन्मलं. माझी माय, म्हंजी मुद्दल, कस्टमच्या कचेरीत अडकलेली. मी तिच्या पदराला धरून रोज कणभर वाढायचं.

वर्ष उलटलं अन् मुद्दल सिद्धोधनच्या खात्यात आली. एकटीच!

आपल्याकडं उसना पैसा परत आला की आणणाऱ्याला चहा पाजायचा अन् ‘मिटलं’ म्हणायचं. पुढं चकार शब्द काढायचा न्हाई. सिद्धोधन भला माणूस. रंगनाथनं फोनवर माझं नाव काढलं, तर हा म्हणाला, "मिटलं भाऊ. व्याज काय मागायचं?"

मग दोघं बोरमाळ सोडवायला गेले. मुद्दल कर्जात गेली, पण बँकेचं व्याज राहिलं. बोरमाळ आतच.

धम्मशीला बँकेच्या पायरीवर बसली. "बँकेला का न्हाई म्हणलाव, ‘मिटलं’ म्हणून?"

"ते कायद्याचं हाय गं."

"मग सरकारला कायदा न्हाई? तुमी उसनं दिलं व्हतं का त्यायला? जास्तीचं घेतलं व्हतं त्यायनं! लावा फोन."

रंगनाथ हसला. "वैनी, दादाच्या म्हणण्यानं काय बी मिटत न्हाई. उशिराचं व्याज द्यावंच लागतं. आजच लिहून मागतो."

धम्मशीलानं फोन करून करून त्याला बेजार केलं. शेवटी कचेरीनं मला सोडलं. मी आलं ते थेट बँकेच्या व्याजात गेलं. पुरलं न्हाई, कमी पडलं ते दोघांनी मिलच्या गल्ल्यातून घातलं अन् बोरमाळ सोडवली. आता मी संपलंय, पण समाधानानं. तुमचा पैसा कुणी अडकवला, तर नुसत्या मुद्दलीवर खुश होऊ नका लेकरांनो.

संपता संपता एवढं पाहिलं: धम्मशीला बोरमाळ घालून मिलमध्ये आली.

"डाळीच्या धुळीत कुणी सोनं घालतं का?" सिद्धोधन म्हणाला.

"मी घालते," म्हणाली अन् तिनं मशीनचं बटण दाबलं.