तिसरा पेपर

परीक्षेच्या सॉफ्टवेअरला मी सासूबाई म्हणायचे. कितीही नीट वागा, त्यांना खोट सापडायचीच. तीन तास कॅमेऱ्यातून टक लावून बसायच्या. नजर पडद्यावरून हटली किंवा खोलीत दुसऱ्या कुणाची चाहूल लागली की पेपर रद्द, आणि तेही सगळा सोडवून झाल्यावर सांगायच्या.

आमचं घर एका खोलीचं. टेबलाच्या डाव्या हाताला, कॅमेऱ्यात येणार नाही अशी आईची खाट. वर्षभरापूर्वी तिचं उजवं अंग गेलं, जीभ तेवढी शाबूत राहिली. पदवीच्या शेवटच्या विषयाला पहिल्या खेपेस तिने पाणी मागितलं, दुसऱ्या खेपेस तिला ठसका लागला. दोन्ही पेपर रद्द. विद्यापीठाला मी चार अर्ज केले, चारही वेळा एकच छापील उत्तर आलं. तिसरी संधी शेवटची होती. ती हुकली असती तर चार वर्षांचा अभ्यास पाण्यात.

त्या दिवशी मावशी आईला स्वतःकडे नेणार होती, पण ऐन वेळी तिला कामावर बोलावलं.

"बस तू पेपरला," आई म्हणाली. "मी तोंडाला कुलूप लावते."

तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोलण्याचाच पगार घेतलेली बाई ही. मला हसू आलं. तिने माझ्याकडून टॉवेल मागून घेतला.

नऊला पेपर सुरू झाला. दोन तास तिने हूं की चूं केलं नाही. अकरा वाजून दहा मिनिटांनी डावीकडे काहीतरी धपकन पडलं. काय पडलं ते मला कळलं होतं. तरी मी मान वळवली नाही. उरलेली पन्नास मिनिटं मी उत्तरं लिहीत राहिले, आणि त्याचा दोष मला सासूबाईंवर ढकलता येत नाही.

बाराला पेपर पाठवला. पडद्यावर लाल ओळ आली: पेपर रद्द. अकरा दहा, खोलीत अन्य व्यक्तीची चाहूल.

मग मी वळले. आई फरशीवर पडली होती, पाय अंगाखाली मुडपलेला. टॉवेलचा बोळा तिने दातांत गच्च धरला होता. मी तो सोडवून घेतला.

"आवाज झाला का गं?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "छान गेला पेपर."

ॲम्ब्युलन्समध्ये ती कण्हत होती आणि मध्येमध्ये ड्रायव्हरला सांगत होती, की तिची मुलगी आज पदवीधर झाली.