वहिनींच्या वतीने

टेबलावरच्या रिकाम्या वाटीत चमचा किणकिणू लागला. रविवारची दुपार होती. नवरा ड्यूटीवर, लेक कशीबशी झोपलेली, आणि ती भिंतीला टेकून, पाय पसरून, काहीही न करता बसली होती. आठवडाभरात तिची स्वतःची म्हणून जी वीस मिनिटं मिळत, ती हीच. वाटीला खेटून ठेवलेला फोन थरथरत होता. तिने झडप घालून तो उचलला, पण तोवर लेकीने डोळे उघडलेच.

"वहिनी, दुकानात या जरा," मालक म्हणाले. नवऱ्याचे जुने मित्र, म्हणून ती त्यांची वहिनी आणि ते तिचे भाऊजी.

"आज रविवार आहे, भाऊजी."

"ते मला माहीत नाही होय? ड्रायव्हरकाका मशीन घेऊन आलेत. चालू केलं की वीस मिनिटांत बंद पडतंय म्हणे."

"त्यांचं?"

"त्यांचंच. तुम्ही या. मुलीलाही आणा, दुकान काय परकं आहे?"

फोन ठेवून तिने लेकीचे बूट शोधायला घेतले. दुसरं कुठलंही मशीन बंद पडलं असतं तर तिने आधी स्वतःच्या हातांवर संशय घेतला असता. या मशीनला मात्र तिने अगदी जीव लावला होता.

लेक रांगायला लागली तेव्हापासून ती या दुकानात कॉम्प्युटर जोडत होती. गेम खेळणाऱ्यांना हवा तसा, एकेक भाग निवडून जोडलेला कॉम्प्युटर द्यायचं दुकान. पुढे काउंटरवर मालक, मागे प्लायवूडच्या आडोशापलीकडे ती. गिऱ्हाईक आडोशातून डोकं घालायचं आणि विचारायचं, "ताई, आत कोणी आहे का?" हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन ती समोर उभी असायची. पहिल्या वर्षी ती म्हणायची, "मी आहे ना." पुढे पुढे म्हणायला लागली, "सर बाहेर गेलेत." त्याने बोलणं लवकर आटपायचं.

ड्रायव्हरकाकांनी तसं विचारलं नव्हतं. जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवून ते निवृत्त झाले होते, आणि आता घरी बसून कॉम्प्युटरवर गाडी चालवायची त्यांना हौस होती. खऱ्यासारखे रूळ, खऱ्यासारखे सिग्नल, डोंगरातले लांबच लांब मार्ग. नातवाने लिहून दिलेली भागांची यादी त्यांनी तिच्यापुढे ठेवली. ती वाचून तिला हसू आवरेना.

"काका, एवढं मोठं ग्राफिक कार्ड तुमच्या गाडीला नाही लागायचं. या खेळात खरी मेहनत प्रोसेसरची. डबे किती, सिग्नल कुठला, समोरून कोण येतंय, सगळं त्यालाच बघायचं असतं. तो चांगला घेऊ. कार्ड मधलं पुरे."

"आणि हे पाण्याने थंड करायचं लिहिलंय ते?"

"दिसतं छान. पण पाणी आलं की पंप आला, नळ्या आल्या. आज ना उद्या काहीतरी कुरकुरतंच."

"पाण्याची कुरकुर मला नको सांगूस, पोरी. अर्धा जन्म इंजिनात तीच ऐकली." मग ते पुढे झुकले. "मला एकच सांग. चढावर किती तापेल? सपाटीवर काय, कुठलंही इंजिन थंडच असतं."

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. लोक विचारायचे, दिवे किती रंगांचे आहेत.

प्रोसेसर थंड ठेवायला तिने त्यांच्यासाठी काळा कूलर निवडला, उंच आणि दोन पंख्यांचा. त्याला दिवेबिवे काही नव्हते. तो बसवल्यावर कॅबिनेटचं झाकण लागेल ना, हे तिने टेपने मोजलं, तेव्हा टेपचं दुसरं टोक काकांनी धरलं होतं. कॅबिनेटच्या पुढच्या दोन पंख्यांनी हवा आत घ्यायची, मागच्या एकाने बाहेर टाकायची, हे तिने समजावलं तर म्हणाले, "म्हणजे खिडक्या आणि धुराडं. सरळ सांग की."

जोडणीच्या दिवशी ते स्टूल ओढून शेजारीच बसले. तिने प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी, वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली. कूलरच्या तळाला एक पारदर्शक फिल्म चिकटवलेली असते, तिच्यावर लाल अक्षरांत छापलेलं असतं, आधी हे काढा. ती काढायची राहिली तर उष्णता कूलरपर्यंत नीट पोचत नाही आणि मशीन आतल्या आत भाजत राहतं. तिने ती सोलली आणि लेकीच्या जुन्या चित्रकलेच्या वहीत चिकटवून टाकली. पानंच्या पानं तसल्याच फिल्मनी भरलेली होती, खाली तारीख आणि मशीनचा नंबर.

"हे गं काय?"

"आधी घरी जाताना मनात यायचं, काढली का नाही? अर्ध्या वाटेवरून परत यायचे. आता वहीत चिकटवल्याशिवाय कूलर बसवतच नाही."

काकांनी दोन-तीन पानं उलटून पाहिली. "पोरी, तू आमच्याकडे असायला हवी होतीस," म्हणाले.

मशीन तिने तासभर पूर्ण जोरावर चालवून पाहिलं. अडुसष्ट अंशांच्या वर गेलं नाही. तो आकडाही वहीत लिहिला. तेवढ्यात शाळेतून फोन आला, लेकीला ताप भरला होता. काकांनीच तिला हाकललं. "तू पळ. मी उद्या येऊन घेऊन जातो."

ही दहा-बारा दिवसांपूर्वीची गोष्ट. आणि आज दुकानाचं शटर अर्ध्यावर होतं. लेकीचा हात धरून, वाकून ती आत शिरली. काउंटरपुढच्या खुर्चीत काका बसले होते.

"आलीस का, पोरी? अगं, ऐन घाटात बंद पडलं बघ. मागे चौदा डबे." ते हसले. लेकीला म्हणाले, "बरी झालीस का तू?"

मालकांनी तिला आडोशामागे यायची खूण केली. तिचं मशीन टेबलावर उघडं पडलं होतं, आणि आत भलताच कूलर होता. बुटका, काचेच्या टोपीचा, सात रंगांत चमकणारा.

"हा कुठला? मी काळा बसवला होता."

मालकांनी आवाज खाली आणला. "तुम्ही गेल्यावर एक गिऱ्हाईक आलं. त्याला तोच पाहिजे होता आणि आपल्याकडे एकच पीस. मग मी काढून दिला. यांना हा लावला. सांगितलं, वरचं मॉडेल आहे, दिवेवालं."

"तुम्ही लावला?"

"मग कोण लावणार? तुम्ही नव्हता."

तिने चार स्क्रू सोडवले, कूलर उचलून उलटा केला. फिल्म जशीच्या तशी होती. पेस्टने माखली होती, तरी लाल अक्षरं वाचता येत होती.

"भाऊजी."

"हो, राहिली. घाई होती." मालकांनी मान खाजवली. "झालं ते झालं. त्यांच्यापुढे आता विषय नको. लोक माझ्या तोंडाकडे बघून दुकानात येतात, वहिनी. तुम्ही काय, मागे असता."

"माझी चूक झाली असं मी म्हणणार नाही."

"म्हणा असं कोण म्हणतंय? नुसत्या गप्प राहा."

एवढं बोलून मालकांनी ती फिल्म चिमटीत धरली आणि ते बाहेर गेले. ती मागोमाग गेली. लेक एका रिकाम्या खोक्यावर बसून पाय हलवत होती.

"सापडलं, काका," मालक म्हणाले. "एवढीशी गोष्ट. हे वरचं मॉडेल लावताना ही काढायची राहिली होती. त्या दिवशी शाळेतून फोन आला ना, मुलगी आजारी, बाईमाणूस, जीव थोडाच राहतो जाग्यावर? वहिनींच्या वतीने मी माफी मागतो तुमची. सॉरी." आणि त्यांनी चक्क हात जोडले.

सरळ खोटं बोलले असते तर खोडून काढता आलं असतं. माणूस हात जोडून उभा राहिला की त्याला खोडायचं कुठून?

"काका, हा कूलर मी बसवलेला नाही," ती म्हणाली. "मी काळा बसवला होता. त्याची फिल्म वहीत आहे, तारीख आहे. थांबा, आणते."

"अहो वहिनी, असू दे," मालक हसत म्हणाले. "चूक कोणाच्या हातून होत नाही?"

ती वही आणायला वळली तेवढ्यात काका उठले. त्यांचा चेहरा अवघडला होता. खोक्यावरच्या लेकीकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग तिच्याकडे.

"वही नको. मी काही तक्रार घेऊन आलेलो नाही. तुम्हाला घरचंही बघावं लागतं, मला कळतं ते. मनाला लावून घेऊ नका तुम्ही."

तुम्ही.

तिला वाटलं, यापेक्षा त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. या माणसाने किती अदबीने तिला माफ केलं, आणि माफ करताना दोन पावलं मागे सरकला. वही बघायला मागितली असती तर तिचा अपमान होईल, असं त्यांना खरोखरच वाटत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथे तोंड दाबणारा हात भल्या माणसाचा होता.

ती आडोशामागे गेली. जुनी पेस्ट पुसून काढली, कोपऱ्यातला कणसुद्धा ठेवला नाही. नवी ठेवली, वाटाण्याएवढीच. कूलर बसवला, स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. मशीन पूर्ण जोरावर चालवलं. त्र्याऐंशीवर जाऊन थांबलं. बंद पडणार नव्हतं, पण तिने ठरवलेलं मशीन हे नव्हे.

"काका," बाहेर येऊन ती म्हणाली, "हा कूलर या प्रोसेसरला लहान आहे. लांब चढावर तापेल. तो काळा परत मागवू. मी घरी येऊन बसवून देईन."

पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी विचारलं असतं, किती तापेल, किती वेळाने. आज त्यांनी मालकांकडे पाहिलं.

"काही नाही होत, काका," मालक म्हणाले. "वरचं मॉडेल आहे."

"चालेल हेच," काका म्हणाले. "तुम्हाला परत कशाला त्रास, मॅडम?"

मालकांनी मशीन उचलून बाहेर रिक्षात ठेवून दिलं. काकांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि शटरखालून वाकून गेले.

"गेले की नाही खुशीत?" परत येऊन मालक म्हणाले. "एवढं काय मनावर घेता? दुकानाचं नाव सांभाळावं लागतं."

"आणि माझं?"

मालक खरंच गोंधळले. नाटक नव्हतं ते, म्हणून तर तिला जास्त संताप आला. त्यांनी काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, काउंटरकडे बघितलं.

"तुमचं नाव यात कुठे आलं, वहिनी?"

तिने लेकीला खोक्यावरून उतरवलं, बुटाचा सुटलेला बंद बांधला आणि ती बाहेर पडली. रस्त्यावर रविवारची सुस्ती होती. कोपऱ्यावरच्या शिंप्याने खुर्ची बाहेर टाकली होती आणि तिच्यातच तो पेंगत होता. ती भरभर चालत होती. लेकीला पळावं लागतंय, हे तिच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. मग तिने पावलं लहान केली.

"आई, आमच्या बाई सांगतात, ज्याची चूक असेल त्यानेच सॉरी म्हणायचं."

"बरोबर सांगतात."

"दुसऱ्याने म्हटलं तर चालत नाही."

"नाही चालत."

लेकीने वाटेतला एक खडा बुटाने उडवला. तिच्या हातातला लहानसा हात घामेजला होता.

"मग सॉरी तर मालककाका म्हणाले. आजोबांनी माफ तुला का केलं?"