कडुलिंबावर सात फूट पाणी

धावड्यात कडूबाच्या विहिरीवर त्या दिवशी अर्धं गाव लोटलं होतं, आणि गंमत म्हणजे विहिरीकडे एकही माणूस बघत नव्हता. सगळ्यांच्या माना कडूबाच्या मोबाइलवर वाकलेल्या.

"अकरा! अकरा फूट!" मोबाइल धरून उभा असलेला शेजारचा संपत ओरडला. "सकाळी चार होतं!"

भागवतबुवा पाणाड्यानं समाधानानं डोळे मिटले. हा बुवा तळहातावर नारळ ठेवून पाणी शोधायचा. नारळ उभा राहिला की पाणी, आडवा पडला की मालकाची श्रद्धा कमी. बुवा कधी चुकायचाच नाही. आज मात्र त्यानं नारळाला सुट्टी दिली होती.

"विहिरीला डोळा हाय," बुवा म्हणाला, "अन् तुम्ही त्याला टोपडं घातलं! मंग गंगामाई वर येईल कशी? म्या टोपडं काढलं, डोळ्यात शेंदूर भरला, अन् आली बघा माय धावत. आता टँकर आणाल तर बिलकुल रुसंल. आजच्या आज सगळी बाग भिजवा!"

डोळा म्हणजे सेन्सर. कडूबानं ठिबक बसवलं तेव्हाच तो विहिरीत सोडला होता. वायरीच्या टोकाला बोटाएवढी नळी. ती तळाशी बसून डोक्यावरच्या पाण्याचा दाब मोजते आणि मोबाइलवर फूट दाखवते. नळीच्या तोंडात जेल असतं, थिजल्या तुपासारखं मऊ.

मीना, कडूबाची थोरली लेक, जालन्यातल्या एका कारखान्यात असलीच यंत्रं दुरुस्त करायची. दोन दिवसांच्या सुट्टीवर आली होती. बाप टँकरवाल्याला 'येऊ नको' सांगायला निघालेला पाहून ती पुढं झाली. चारशे मोसंबीची झाडं, लिंबाएवढी फळं धरलेली. एकदम सगळ्या बागेला पाणी सोडलं तर चार फूट पाणी घटकेत संपणार आणि उद्या झाडाखाली फळांचा सडा पडणार. ही झाडं तिनं आईबरोबर कळशीनं पाणी घालून जगवली होती.

"आबा, थांबा. विहिरीत वाकून बघितलं का?"

"वाकायचं कशाला? मोबाइलवर आलंय की!"

मीनानं वाकून पाहिलं. पाण्याच्या हातभर वर एक कपार होती. सकाळी तिथं एक साळुंकी बसली होती. आताही तिथंच बसून पंख विंचरत होती.

"सात फूट पाणी चढलं," मीना म्हणाली, "अन् साळुंकीचा पायबी भिजला न्हाई?"

"पुण्यवान पाखरू हाय ते," बुवा म्हणाला.

मीनानं वायर ओढून सेन्सर वर काढला आणि सरळ कडुलिंबाच्या फांदीला लटकवला. "आता वाच, संपतदादा."

संपतनं वाचलं. डोळे चोळून पुन्हा वाचलं. "सात फूट."

"ऐकलं का?" मीना म्हणाली. "कडुलिंबावर सात फूट पाणी! बादल्या आणा जल्दी!"

शेजारची द्वारकाबाई तोंडाला पदर लावून अशी हसली की तिला ठसकाच लागला. बुवा पुटपुटला, "झाडातबी पाणी असतंच की."

मीनानं घरातून बिनसुईची सिरिंज आणली आणि स्वच्छ पाण्याची बारीक धार नळीच्या तोंडात हलकेच सोडली. कडूबा काडी घेऊन सरसावला तसा तिनं त्याचा हात धरला. "खरवडायचं न्हाई, आबा. जेल फाटलं की यंत्र गेलं." लाल ओघळ आला. संपत वाचत होता: पाच, दोन, शून्य.

"ह्या जेलखाली तांदळाएवढी चिप हाय. जेल पाणी आत जाऊ देत न्हाई, दाब तेवढा जाऊ देतं. बुवांनी तेल-शेंदूर अंगठ्यानं ठासला, तो तोंडात घट्ट बसून जेलला दाबून राह्यला. यंत्राला पाणी कळत न्हाई अन् शेंदूरबी कळत न्हाई, त्याला फक्त दाब कळतो. म्हणून तर चिखल-तेल लागू नये अशी जाळीची टोपी देतात. कुठंय ती?"

कडूबानं ओशाळून चंची सोडली. तंबाखूत टोपी निघाली. "बुवा फेकून देत व्हते. म्या ठिवली, कामाला येईल म्हणून."

टोपी धुऊन बसवली, सेन्सर खाली सोडला. चार फूट.

"देवाला शेंदूर लावा, माझं काही म्हणणं न्हाई," मीना म्हणाली. "पण यंत्राला लावाल तर ते खोटं बोलंल, अन् त्या खोट्यापायी बाग वाळंल. मनासारखा आकडा दिसला की आधी आपल्या डोळ्यानं खात्री करा. डोळे दिलेत कशाला?"

कडूबानं टँकरवाल्याला फोन लावला. "शिवाजी, टँकर आण बाबा. हां, आजच. देव रुसला तर मनवता येतो, झाडं रुसली तर न्हाई मनवता येत."

बुवा हळूच पिशवी उचलायला लागला. "बुवा, नारळ ठिवून जा," द्वारकाबाई म्हणाली. "त्यात पाणी हाय, हे तर खरंय ना?"

हशा पिकला. मग एकेक करत सगळे काठाशी आले आणि विहिरीत वाकून बघायला लागले. एवढी डोकी एकदम दिसल्यावर साळुंकी मात्र घाबरून उडाली.