विसाव्या पुस्तकातही जिवंत

दादाचं विसावं पुस्तक टपालाने आलं आणि काकांनी चहा बाजूला सारून पहिलं प्रकरण उघडलं.

"कोण गेलं या खेपेला?" काकूंनी आतून विचारलं.

"मामा. खुर्चीतल्या खुर्चीत. दात कोरतानाच."

"अगं बाई! कळवायला हवं त्यांना."

दादा पस्तीस वर्षांपूर्वी परदेशी गेला तो लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीवर. आठवडाभर तारा आणि कप्प्या, सुटीच्या दिवशी लॉन्ड्रीवरच्या भाड्याच्या खोलीत रहस्यकथा. लिहायचा आपल्या भाषेत, आणि पुस्तकं इकडेच छापली जायची. पहिली दोन सपशेल आपटली. तिसऱ्यात त्याने दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या लिफ्टमध्ये प्रेत ठेवलं आणि लोकांच्या उड्या पडल्या. पुढे नोकरी सुटली, लग्न झालं, मोडलं, डोक्यावरचे केस गेले. खून तेवढे चालू राहिले. घरी आला तो दोनदाच, आई गेली तेव्हा आणि बाबा गेले तेव्हा, परतीचं तिकीट खिशात ठेवून.

तिकडच्या माणसांवर मात्र त्याचा हात चालत नसे. मारायचा तो इकडचीच माणसं. नाव निराळं, धंदा निराळा, पण खोड जशीच्या तशी. काका आजवर तीनदा मेले होते आणि त्याची त्यांना कोण मिजास! "आपल्याला तर पोत्यात घालून नदीत सोडलं होतं," ते शेजाऱ्यांना ऐकवत. आत्या मेली, शाळेतले मास्तर मेले, उधारी न देणारा वाणीसुद्धा मेला.

धाकटी बहीण तेवढी कुठे नव्हती. प्रेत नाही, खुनी नाही, जिन्यात ओझरती दिसलेली बाईसुद्धा नाही. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. दुपारी डबा उघडायच्या आधी दादाचं नवं पुस्तक उघडायची आणि पानापानांत स्वतःला शोधायची. आईबाबांचं शेवटपर्यंत तिनेच केलं होतं. त्या घराच्या गोष्टीत आपण कुठेच नसावं, हे तिला सलायचं. बोलली मात्र कुणाजवळ नव्हती.

रविवारी दादाचा फोन आला.

"काय गं बोबडे, वाचलंस?"

बोबडी आता एक्केचाळीस वर्षांची होती.

"वाचलं. दादा, एक विचारू? सगळ्यांना मारलंस, मग मलाच का नाही?"

तो खो खो हसला. ती हसली नाही, तेव्हा थांबला.

"खरं सांगू? मी निघालो तेव्हा तू सहा वर्षांची. माणूस मारायचा तर त्याच्या सवयी ठाऊक लागतात. तुझं मला काय ठाऊक आहे? 'र' म्हणता यायचा नाही, एवढंच."

तिला वाटलं, फोन ठेवून द्यावा. पस्तीस वर्षांत तिने त्याला आईचं दुखणं सांगितलं, बाबांची औषधं सांगितली, गळणारं छप्पर सांगितलं. स्वतःचं असं काही सांगितलं नव्हतं. पण त्याने तरी कुठे विचारलं होतं?

"मग सांग की," तो म्हणाला. "काम कसं करतेस?"

"काम काय, सुया टोचते. घाबरलेल्या माणसाला आधी विचारते, निघताना दाराला कुलूप लावलंत ना? तो बिचारा आठवत बसतो. तोवर सुई आत."

"वा! थांब, थांब. कुलूप… झकास आहे हे!"

पलीकडून कागदावर पेन खरखरल्याचा आवाज आला. तिला कळलं, आता आपलीही पाळी येणार, पुढच्या पुस्तकात काकांच्या पंगतीला जाऊन बसणार. इतकी वर्षं हेच तर हवं होतं. मग बरं का वाटत नाही?

"दादा, पेन खाली ठेव."

"विसरेन गं मी."

"विसरलास तर परत विचार. पण आत्ता नुसतं ऐक."

आता हा चिडणार, असं तिला वाटलं. मग टेबलावर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला आणि खुर्ची करकरली.

"ठेवलं. आणि कुणी म्हणालं, लावलं नाही कुलूप, तर?"

"तर काय! एक आजोबा तसेच उठून पळाले, दंडाला पट्टा बांधलेलाच."

"आणि तू?"

"मी त्यांच्या मागे. पायात एकच चप्पल."

"एकच का?"

ती खुर्ची ओढून बसली आणि सांगू लागली.