घरचीच साइट

वाडीतल्या निम्म्या मोबाइलवर दिसणारा समुद्र सर्वेशचा होता. मिऱ्यापासून भाट्यापर्यंतच्या किनाऱ्याचे फोटो काढून त्याने वॉलपेपरची वेबसाइट उघडली होती आणि तेव्हापासून स्वारी हवेत होती. फोटो फुकट, डाउनलोडआधी फक्त मोबाइल नंबर टाकायचा. खाली लिहिलेलं होतं, ‘तुमची माहिती आम्ही कोणालाही देत नाही.’ हे वाक्य सर्वेशसाहेबांनी दुसऱ्या कुठल्याशा साइटवरून सरळ उचललं होतं. नंबर मात्र एका जाहिरात कंपनीला जायचे, तिच्या पैशांवरच साइट चालायची. त्यात कोणाचं काय बिघडतं, असं त्याला अगदी मनापासून वाटायचं.

शेजारच्या कमळाकाकूंना नारळीपौर्णिमेला सजवलेल्या होडीचा फोटो हवा होता. त्यांचा एकुलता एक मुलगा, दर्शन, जहाजावर नोकरीला जाण्याआधी त्याच होडीवर होता.

“नंबर टाकू ना रे?” त्यांनी विचारलं होतं.

“टाका बिनधास्त. घरचीच साइट!”

महिन्याभराने सर्वेश त्यांच्याकडे गेला, तेव्हा काकू मागच्या दारी बांगडे साफ करत होत्या. फोन वाजला. हात पदराला पुसत त्या धावल्या. “दर्शन?” मग चेहरा उतरला. “नको बाई प्लॉट.” परत येऊन बसतात न बसतात तोच पुन्हा वाजला, पुन्हा तीच धाव. “दर्शन?” या वेळी विमावाला होता.

“अनोळखी नंबर उचलता कशाला, काकू?”

“मग काय करू? जहाजावरच्याचा कुठला नंबर ओळखीचा असतो? ज्या बंदराला लागेल तिथनं करतो, कोणाच्या तरी फोनवरनं. जहाजावाल्यांच्या घरात फोन वाजला की उचलायचाच. पण महिनाभर नुसतं भंडावून सोडलंय मेल्यांनी. परवा कंटाळून एक उचलला नाय.” त्या थांबल्या. “तोच दर्शनचा होता. त्याच्याच जहाजावरच्या सागरच्या बायकोने सांगितलंन. आता पुढलं बंदर येईल तेव्हा.”

सर्वेशचे कान तापले. गप्प बसून निघून जावं, असंही एकदा मनात आलं.

“काकू, तुमचा नंबर माझ्या साइटवरनं गेलाय.”

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“पण खाली लिहिलं होतंस ना, कोणाला देत नाय म्हणून? चष्मा लावून वाचलं मी. मगच टाकला.”

ते वाक्य त्याने स्वतःसुद्धा धड वाचलं नव्हतं. अशी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती. मान वर करवेना. “आजच काढतो नंबर,” तो पुटपुटला. पण कंपनीकडून तो पुढे कुठे कुठे गेला असेल, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. काकूंनी ओल्या हातानेच तो त्याच्यापुढे धरला.

“घे, आता तू बोल. दर्शन असला तर माझ्याकडे दे.”

त्याने कानाला लावला. “नमस्कार सर, आपल्यासाठी क्रेडिट कार्डची...” काकू त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या.

“नाय, काकू,” तो म्हणाला. “दर्शन नाय.”